आधी काच, मग उजेड, कॅमेरा सगळ्यात शेवटी

फिश टँकमधल्या माशांचे फोटो काढायची हौस लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कुठला घेऊ? मग मेगापिक्सेल, फुल फ्रेम की क्रॉप सेन्सर (म्हणजे चित्र टिपणारी चिप मोठी की लहान), डीएसएलआर की मिररलेस, अशी चर्चा रंगते. माझ्या मते हा प्रश्न यादीत शेवटचा असायला हवा. टँकमधल्या माशाचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा काचेमुळे, नाहीतर उजेड कमी पडल्यामुळे, नाहीतर लेन्स पुरेशी जवळ जाऊन फोकस करत नसल्यामुळे. या तिन्हींवर नवी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, हा उपाय नाही. म्हणून या लेखात काचेपासून सुरुवात करून कॅमेऱ्यापर्यंत जाऊ. वाटेत थोडी आकडेमोड लागेल, पण ती गुणाकार-भागाकारापलीकडची नाही.

काचेचं गणित

कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये हवा, काच आणि पाणी अशी तीन माध्यमं येतात. एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वाकतो. किती वाकणार हे अपवर्तनांकावर ठरतं: पाण्याचा साधारण १.३३, काचेचा १.५ च्या आसपास. याचे दोन परिणाम आपल्याला भोगावे लागतात.

पहिला निरुपद्रवी आहे. पाण्यातला मासा खरा असतो त्यापेक्षा जवळ दिसतो, अंतर सुमारे पाऊणपट होतं. काचेपासून ३० सेंटिमीटर आत असलेला मासा साडेबावीस सेंटिमीटरवर असल्यासारखा वाटतो आणि लेन्सही त्याच भासमान अंतरावर फोकस करते. ऑटोफोकस ते आपोआप सांभाळून घेतो, आपल्याला काही करावं लागत नाही.

दुसरा मात्र खरा घातकी. लेन्स काचेला काटकोनात धरली असेल तर प्रकाश जवळजवळ सरळ येतो आणि चित्र स्वच्छ राहतं. कॅमेरा तिरका केला की किरण तिरके वाकतात, त्यातही निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित जास्त वाकतो. मग खवल्यांच्या कडांना रंगीत झालर येते आणि सगळा मासा कुणी बोट फिरवल्यासारखा पुसट दिसतो. लोक याला ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणतात आणि लेन्स बदलायला निघतात. हजारो रंगीत खवल्यांचा तपशील टिपू शकणारी महागडी लेन्स तिरकी धरली तर साध्या लेन्सपेक्षा फार वेगळं काही देत नाही. तेव्हा पहिला नियम: लेन्स काचेला काटकोनात. मासा वर गेला तर कॅमेरा वर न्यायचा, मान वाकडी करून वर रोखायचा नाही. मासा खाली गेला तर आपण खाली बसायचं. गुडघ्यांची तयारी ठेवा.

टँक वाटोळा असेल, म्हणजे बोल किंवा पुढून गोलाई दिलेला, तर काटकोन फार थोड्या भागात मिळतो आणि बाकी सगळीकडे मासा ताणलेला नाहीतर चेपलेला दिसतो. अशा टँकमधून बरा फोटो निघणं कठीणच. अ‍ॅक्रिलिकचे टँक पारदर्शकतेला चांगले, पण त्यांच्यावर ओरखडे पटकन पडतात. साध्या काचेत लोहाचा अंश असल्यामुळे तिच्यात हिरवट झाक असते, जाड काचेत ती जास्त जाणवते. कमी लोहाची काच त्या बाबतीत उजवी. पण फोटोसाठी टँक बदला असं मी कुणाला सांगणार नाही. हिरवी झाक नंतर संगणकावर सहज निघते, काचेच्या आतलं शेवाळ निघत नाही. ते आदल्या दिवशी खरवडून टाका, बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसा, टँकच्या जवळ अमोनियाचे स्प्रे वापरू नका.

मग प्रतिबिंब. फोटोत मासा असतो आणि त्याच्या पोटावर खिडकी, सोफा आणि फोटो काढणारा स्वतः. इथे बऱ्याच जणांना पोलरायझर फिल्टर आठवतो. तो काचेवरचं प्रतिबिंब कापतो हे खरं, पण ते ठरावीक कोनात. काचेच्या बाबतीत लंबापासून सुमारे ५६ अंशांवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो आणि समोरून, काटकोनात बघताना जवळजवळ शून्य. आपण आत्ताच ठरवलं की काटकोनातच फोटो काढायचा. म्हणजे पोलरायझर लावून प्रतिबिंब तसंच राहतं आणि वर दीड-दोन स्टॉप उजेड वाया जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तो पैसा वाचवा.

खरा उपाय जवळजवळ फुकट आहे. खोलीतले दिवे बंद करा, पडदे ओढा, फक्त टँकचा दिवा चालू ठेवा. गडद रंगाचे कपडे घाला. लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला टेकवता आला तर बाहेरचा उजेड आत शिरायला जागाच उरत नाही, आणि हूडची कड काचेला सगळीकडून सारखी टेकली की काटकोनही आपोआप मिळतो. एका स्वस्त रबरी कड्यात दोन कामं होतात. लांबून फोटो काढायचा असेल तर काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते कापड आपल्या आणि काचेच्या मध्ये धरायचं.

उजेड किती कमी आहे

आता आकडे. टँकचा दिवा डोळ्यांना लख्ख वाटतो, कारण डोळा जुळवून घेतो. कॅमेरा इतका उदार नसतो. समजा, टँकच्या दिव्यावर तुम्हाला एफ/२.८ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), १/६० सेकंद (शटर उघडं राहायचा वेळ) आणि आयएसओ ८०० (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ला नीट एक्स्पोजर मिळतंय. चांगलं वाटतं. पण या सेटिंगवर दोन अडचणी आहेत. एफ/२.८ ला माशाचा डोळा फोकसमध्ये आला तर शेपटी धूसर होते, आणि १/६० ला मासा हलतो.

‘हलतो’ म्हणजे किती, ते मोजून बघू. एक निऑन टेट्रा, साधारण तीन सेंटिमीटरचा, सेकंदाला पाच सेंटिमीटर वेगाने आडवा चालला आहे. माशाच्या हिशोबाने ही रमतगमत चाल झाली. कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे नेहमीच्या क्रॉप आकाराचा, साडेतेवीस मिलिमीटर रुंद, त्यावर रुंदीत ६,००० पिक्सेल. फ्रेमचा दोन-तृतीयांश भाग माशाने भरावा अशी इच्छा असेल तर माशाची सेन्सरवरची प्रतिमा प्रत्यक्षातल्या माशाच्या निम्मी हवी. १/६० सेकंदात मासा ०.८ मिलिमीटर पुढे सरकतो, सेन्सरवर ०.४ मिलिमीटर, म्हणजे शंभराहून अधिक पिक्सेल. हा फोटो गेलाच. १/२५० केलं तरी पंचवीसेक पिक्सेल पुसले जातात. १/१००० ला सहा-सात. माशाचं खवलं न् खवलं दिसायचं तर याहूनही जलद शटर लागतं.

आता वरच्या एक्स्पोजरवरून एफ/८ आणि १/२५० वर या. एफ/२.८ ते एफ/८ हे तीन स्टॉप, १/६० ते १/२५० हे दोन. एकूण पाच स्टॉप, म्हणजे ३२ पट उजेड कमी. भरपाई आयएसओने करायची तर ८०० चे २५,६०० होतात. त्यात माशापेक्षा नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, जास्त दिसतो, आणि एवढं करूनही पंचवीस पिक्सेलचा पुसटपणा शिल्लक आहेच.

इथे ‘मग फुल फ्रेम घेऊ’ असा विचार येतो. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त असतं, म्हणजे उजेड गोळा करण्यात सुमारे सव्वा स्टॉपचा फायदा. पण मासा फ्रेममध्ये तेवढाच मोठा हवा आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत तेवढाच फोकस हवा असेल तर फुल फ्रेमवर अ‍ॅपर्चर एफ/८ ऐवजी एफ/१२ च्या आसपास करावं लागतं, आणि मिळालेला सव्वा स्टॉप तिथेच खर्च होतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. उघड्या मैदानात, उघड्या अ‍ॅपर्चरवर फुल फ्रेमचा फायदा खरा आहे. टँकसमोर तो जवळजवळ शून्यावर येतो.

३२ पट उजेड आणायचा एकच व्यवहार्य मार्ग आहे, तो म्हणजे फ्लॅश. १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगासमध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी समुद्रातल्या माशांचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा त्या काळच्या मंद फोटो-प्लेटांना (फिल्मऐवजी वापरायच्या काचा) पुरेल एवढा उजेड पाडायला त्यांनी पाण्यावर तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. आपल्याला सुदैवाने बॅटरीवरचा हॉट-शू फ्लॅश (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत बसणारा) पुरतो. पण त्यांच्या तराफ्यातली एक गोष्ट आजही तशीच लागू आहे: उजेड वरून यावा.

फ्लॅश कुठे ठेवायचा

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरच्या काचेवर आपटून थेट लेन्समध्ये परत येतो. फोटोच्या मधोमध पांढरा गोळा. शिवाय माशाच्या अंगावरची चमक ही त्वचेतल्या ग्वानिनच्या बारीक स्फटिकांमुळे असते. हे स्फटिक आरशासारखे वागतात, त्यामुळे समोरून पडलेला फ्लॅश त्यांच्यावरून सरळ परत येतो आणि चंदेरी कूस पांढरीफटक होते. निऑन टेट्राचा निळा पट्टाही रंगद्रव्याचा नाही, प्रकाश कुठल्या कोनातून पडतो यावर त्याची छटा ठरते. नदीत, तळ्यात माशांवर उजेड वरूनच पडतो. फ्लॅशही वरून आला की रंग ओळखीचे दिसतात.

म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, टँकच्या वर खाली तोंड करून ठेवा आणि रेडिओ ट्रिगरने, म्हणजे बिनतारी, चालवा. ट्रिगरची जोडी ही या छंदातली सर्वांत सार्थकी लागणारी खरेदी आहे असं मला वाटतं. फ्लॅश आणि पाणी यांच्यामध्ये दुधी प्लॅस्टिकची शीट किंवा पातळ पांढरं कापड ताणलं की उजेड पसरतो आणि सावल्या मऊ होतात. टँकला काचेचं झाकण असेल तर फ्लॅश त्यावरच ठेवता येतो, फक्त झाकणाच्या आतली वाफ आधी पुसून घ्या. झाकण नसेल तर फ्लॅश क्लॅम्पने घट्ट बसवा आणि वर एक दोरीही बांधा. पाण्यात पडलेला फ्लॅश परत मिळत नाही, आणि त्याच्यातल्या कपॅसिटरमध्ये बॅटरीवरही घातक व्होल्टेज साठलेलं असतं. भिजलेला फ्लॅश उघडून वाळवायच्या फंदात पडू नका. समुद्री टँक असेल तर मिठाचे शिंतोडे उडतात, तिथे फ्लॅश पारदर्शक पिशवीत घाला.

फ्लॅश इतका जवळ असला की पूर्ण ताकद लागत नाही, १/८ किंवा १/१६ वर काम भागतं. यातच दुसरा फायदा दडलेला आहे. हॉट-शू फ्लॅशची ताकद कमी केली की तो कमी तेजाने पेटत नाही, कमी वेळ पेटतो. १/१६ ताकदीला ही झळक १/५००० सेकंदापेक्षाही लहान असते. मघाचा निऑन टेट्रा एवढ्या वेळात सेन्सरवर जेमतेम एक पिक्सेल सरकतो. शटर १/२०० असलं तरी मासा गोठतो, कारण फोटोतला उजेड शटरमधून येतो तो फक्त त्या झळकेपुरता. मोठ्या स्टुडिओ फ्लॅशचं काही वेळा उलटं असतं, कमी ताकदीला त्यांची झळक लांबते. या कामाला साधा छोटा फ्लॅशच बरा.

पण टँकचा दिवा चालूच आहे, त्याचा उजेड मिसळून माशाचं भूत, म्हणजे दुसरी पुसट प्रतिमा, नाही का उमटणार? हिशोब करा. एफ/८, १/२५० ला टँकच्या दिव्याला आयएसओ २५,६०० लागत होता. फ्लॅशबरोबर आपण आयएसओ २०० ठेवतो, म्हणजे तो दिवा सात स्टॉप खाली गेला. फोटोत त्याचा मागमूस राहत नाही. त्यामुळे रंगही फ्लॅशचे, म्हणजे दिवसाच्या प्रकाशाजवळचे येतात, आणि टँकच्या निळ्या-जांभळ्या एलईडीशी झगडावं लागत नाही. याचीच दुसरी बाजू म्हणजे काळीकुट्ट पार्श्वभूमी, कारण फ्लॅशचा उजेड मागपर्यंत पोचत नाही. कुणाला ती आवडते. मला झाडांचा टँक असताना काळं आवडत नाही. अशा वेळी दुसरा फ्लॅश मागच्या बाजूला वरून मारा, किंवा आयएसओ ८०० पर्यंत चढवून फ्लॅशची ताकद तेवढीच उतरवा.

सिंक स्पीडकडे, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत जलद शटरकडे, लक्ष असू द्या. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/१६० ते १/२५० असतो, त्याहून जलद शटर ठेवलं तर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. हाय-स्पीड सिंकने हा पट्टा टळतो, पण तेव्हा फ्लॅश एका झळकेऐवजी शटर चालू असेपर्यंत सलग लुकलुकत राहतो. ताकद घटते आणि मासा गोठवणारी ती छोटी झळक हातची जाते. इथे ते बंदच ठेवा.

तळाशी राहणाऱ्या कोरिडोरासवर वरचा उजेड पडला की पोटाखाली अंधार राहतो. वाळू फिकट असेल तर तीच खालून उजेड परत फेकते. काळ्या खडीच्या टँकमध्ये बाजूच्या काचेतून कमी ताकदीचा दुसरा फ्लॅश द्यावा लागतो. पुढूनच द्यायचा असला तर कॅमेऱ्यापासून लांब, सुमारे ४५ अंशांत ठेवा, म्हणजे काचेवरून परतणारा झोत लेन्सला चुकवून जातो.

माशांना फ्लॅशचा त्रास होतो का, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि त्यांची बाहुली आपल्यासारखी पटकन लहान होत नाही. गडद अंधारात अचानक फ्लॅश मारला तर मासे दचकून काचेवर आदळतात. टँकचा दिवा चालू असताना ते दोन-चार झळकांनंतर दुर्लक्ष करतात. म्हणून खोली अंधारी ठेवा, टँक नाही. नुकतेच आणलेले, आजारी किंवा पिल्लं राखणारे मासे काही दिवस सोडून द्या.

लेन्स टँक बघून ठरवा

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोकस करणारी) हवी हे सगळे सांगतात, कशासाठी ते कमी सांगतात. एकास एक प्रतिमा म्हणजे माशाची सेन्सरवरची लांबी खऱ्या लांबीएवढी. वरच्या टेट्रासाठी निम्म्याने भागलं. मासा जितका मोठा, तितकी प्रतिमा लहान करावी लागते. एपीएस-सी कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स तिच्या सर्वांत जवळच्या फोकसला साधारण पाव ते एक-तृतीयांश प्रतिमा देते. ०.३ धरलं तर फ्रेममध्ये आठ सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी रुंदी मावते. पाच सेंटिमीटरचा गुरामी त्यात झकास बसतो. एंजल, डिस्कस, गोल्डफिश, ऑस्कर हे तर त्याहून मोठे. यातलंच काही तुमच्याकडे असेल तर मॅक्रो लेन्स न घेता आधी फ्लॅश घ्या. मॅक्रो लागते ती टेट्रा, रासबोरा, गप्पी, कोळंबी आणि बारीक पिल्लांना.

६० मिलिमीटरची घ्यायची की १०० ची, हे टँकच्या खोलीवर ठरतं, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतच्या अंतरावर. एकास एक प्रतिमेला ६० ची लेन्स तिच्या पुढच्या टोकापासून दहाएक सेंटिमीटरवर फोकस करते, १०० ची तेरा ते पंधरावर. लेन्सच्या माहितीपत्रकात छापलेलं किमान अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, ते बघून फसायला होतं. तीस सेंटिमीटर खोल टँकमध्ये मासे तसेही काचेच्या जवळ असतात, तिथे ६० हाताळायला सोपी. पंचेचाळीस-साठ सेंटिमीटरच्या टँकमध्ये १०० सोयीची पडते. पण मासा जितका आत, तितकं मधलं पाणी जास्त आणि तितका फोटो फिका. लांब लेन्स ही अडचण मिटवत नाही. मागच्या काचेला चिकटून बसलेल्या माशाचा फोटो मी तरी काढत बसत नाही, तो पुढे यायची वाट बघतो.

पैसे कमी असतील तर ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधली पोकळ नळी) लावा. जादा प्रतिमा म्हणजे ट्यूबची लांबी भागिले लेन्सची लांबी, इथे बरोबर निम्मी. लांबचं काही दिसेनासं होतं, पण टँकसमोर लांबचं बघायचंय कुणाला. जुन्या, हाताने फोकस करायच्या मॅक्रो लेन्सही अ‍ॅडाप्टर लावून उत्तम चालतात.

फोकस किती पातळ असतो याची कल्पना असू द्या. एपीएस-सीवर, निम्म्या प्रतिमेला, एफ/८ वर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा पापुद्रा स्पष्ट येतो, एका नाण्याएवढा. म्हणजे लेन्स काचेला काटकोनात असून भागत नाही, मासाही सेन्सरला समांतर, पूर्ण आडवा हवा. तो जरा वळला की डोळा स्पष्ट आणि शेपटी गायब. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करून एफ/२२ वर नेलं तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. जवळून फोटो काढताना लेन्स पुढे सरकल्यामुळे खरं अ‍ॅपर्चर आकड्यापेक्षा बारीक झालेलं असतं, निम्म्या प्रतिमेला एफ/८ हे एफ/१२ सारखं वागतं. एफ/८ ते एफ/११ यांच्या मध्येच राहा. डोळा स्पष्ट असला की बाकीचं माफ होतं, डोळा पुसट असला तर काहीच माफ होत नाही.

माशामागे फोकस घेऊन धावण्यापेक्षा मासा जिथे परत येतो ती जागा पकडा. सिक्लिड आपल्या गुहेच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा येतो. गुरामी आणि फायटर हवा घ्यायला वर जातात. तिथे आधीच फोकस लावायचा, लेन्स काचेला टेकवायची आणि थांबायचं. फायटरला फुलवायचं असेल तर टँकच्या बाजूला छोटा आरसा धरा. तो प्रतिस्पर्धी समजून कल्ले आणि पर फुलवतो, आडवा होऊन आपला मोठेपणा दाखवतो, आणि नेमकी हीच आडवी पोज आपल्याला हवी असते. मिनिट-दोन मिनिटांत आरसा काढा, बराच वेळ ठेवला तर तो दमतो. खायला घालून मासे पुढे आणायची युक्तीही सगळे सांगतात. मासे येतात खरे, पण पाणी गढूळ होतं आणि पोटं टुम्म फुगलेली दिसतात.

पाण्यातले कण फ्लॅशमध्ये चांदण्यांसारखे चमकतात. फोटोच्या आदल्या दिवशी थोडं पाणी बदला. त्याच दिवशी बदललं तर काचेवर आणि पानांवर बुडबुडे चिकटलेले असतात. फिल्टरमध्ये बारीक लोकर घाला, आणि फोटो काढायच्या आधी फिल्टर व हवेचा पंप थोडा वेळ बंद करून गाळ बसू द्या. नंतर चालू करायचं मात्र विसरू नका.

मोबाइल असेल तर

फ्लॅश बंद, नाइट मोडही बंद. अंधारात मोबाइल अनेक फोटो एकावर एक रचून एक बनवतो, भिंतीला ते चालतं, हलत्या माशाचा त्यात लगदा होतो. कॅमेरा काचेला टेकवा, टँकचा दिवा पूर्ण वाढवा, फोकस लॉक करा आणि सलग फोटो घेत राहा. मोबाइलचा मॅक्रो मोड बऱ्याचदा अल्ट्रा-वाइड लेन्सवर चालतो, त्यासाठी मासा काचेला चिकटूनच हवा. दोन किंवा तीन पट टेलिफोटो लेन्स असेल तर आधी ती वापरून बघा. निळ्या दिव्याखालच्या प्रवाळांचे फोटो मोबाइलवर नुसता निळा चिखल होतात, तिथे लेन्सवर लावायचा नारिंगी फिल्टर खरंच कामाचा आहे. त्या टँकवर फ्लॅश मारलात तर प्रवाळांची लकाकी फोटोतून नाहीशी होते, कारण ती निळ्या दिव्यामुळेच दिसते.

सगळा टँक एका फोटोत

हा प्रकार वेगळा आहे आणि ट्रायपॉड कामाला येतो तो इथेच. एकेका माशाला ट्रायपॉडचा अडथळाच होतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशनही आपल्या हाताची थरथर थांबवतं, माशाची नाही. झाडांच्या टँकची मांडणी जगभर लोकप्रिय करणारे जपानचे ताकाशी अमानो हे मुळात छायाचित्रकार, आणि आपले टँक ते लार्ज फॉरमॅट फिल्मवर टिपत. आपल्याला टँकच्या मधोमध, काचेच्या उंचीच्या मध्यावर कॅमेरा लावणं, दोन-तीन फ्लॅश वरून सारखे पसरवणं आणि मासे एका बाजूला गोळा होईपर्यंत थांबणं एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. फ्लॅशशिवाय काढायचं तर मासे हलणार हे धरून चाला.

आता कॅमेरा

इथवर जे लागलं त्यावरून बॉडीत काय बघायचं ते जवळजवळ ठरलेलंच आहे. फ्लॅशसाठी हॉट-शू हवा, काही छोट्या कॅमेऱ्यांत तो नसतो. एक्स्पोजर पूर्ण हाताने ठरवता यायला हवं. रॉ फॉरमॅट (सेन्सरची कच्ची माहिती साठवणारा) हवा, म्हणजे काचेची हिरवट झाक आणि टँकच्या दिव्याचा रंग नंतर काढता येतो. यांत्रिक शटर असावं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश चालत नाही, आणि मंद केलेले एलईडी दिवे प्रत्यक्षात फार जलद चालू-बंद होत असल्यामुळे त्या शटरवर फोटोत आडव्या पट्ट्या उमटतात. दिवा पूर्ण तेजावर ठेवला तर पट्ट्या बहुधा जातात.

ऑटोफोकसच्या बाबतीत जाहिरातीतल्या प्राण्यांच्या डोळ्यांच्या ओळखीवर फार भरवसा ठेवू नका. कुत्रा, मांजर, पक्षी यांवर शिकवलेला कॅमेरा माशाचा डोळा पकडेलच असं नाही. छोटा फोकस पॉइंट हवा तिथे पटकन सरकवता येणं आणि हाताने फोकस करताना चित्र मोठं करून बघता येणं, या दोन सोयी इथे जास्त उपयोगी पडतात. मिररलेसमध्ये त्या थेट व्ह्यूफाइंडरमध्येच मिळतात. एक बारकी सूचना: कॅमेरा व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजरची नक्कल दाखवत असेल तर फ्लॅशच्या सेटिंगवर तिथे निव्वळ काळोख दिसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, मेनूमध्ये ती नक्कल बंद करायची सोय असते.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर वीस-चोवीस पुरून उरतात, कारण छोटा मासा फ्रेमच्या मधोमध ठेवून नंतर कापून घ्यायला तेवढे खूप झाले. म्हणजे पाच-सात वर्षं जुनी, वापरलेली एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स (त्याहून थोडा लहान सेन्सर) बॉडी या कामाला बिनधास्त चालते. वळणारा स्क्रीन असलेली मिळाली तर तीच उचला. टँकचा तळ बहुधा कंबरेच्याही खाली असतो, आणि लेन्स काटकोनात ठेवून कोरिडोरासच्या डोळ्यात बघायचं तर एरवी जमिनीवर आडवं व्हावं लागतं.